नरहरीकाका कोणाकडचे

१

त्या दिवशी सकाळी मी नेहमीसारख्या तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या. विपुलचा डबा भरला, माझा भरला, सासूबाईंच्या दुपारच्या भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवल्या. ओटा पुसून हात धुवायला वळले, तर सासूबाई फडकं उघडून बघत होत्या.

"काकांची भाकरी कुठं हाय?"

"कुठले काका?"

"नरहरीकाका. दुसरं कोण हाय घरात?"

मला वाटलं, कुणी पाहुणे यायचे आहेत आणि मला सांगायचं राहिलं. मी तसं विचारलं. सासूबाईंनी कपाळाला हात लावला आणि हॉलमध्ये बूट घालत बसलेल्या विपुलला हाक मारली. "ऐकलंस का रे? तुझी बायको विचारते, कुठले काका!"

विपुल हसला. हसला म्हणजे नाकातून हवा सोडली. "अर्चना, आता माणसंपण विसरायला लागलीस का? किती दिवस झाले ते आपल्याकडे राहतायत."

मी ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. आमचा फ्लॅट बेटेगावातल्या एका नव्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. हॉल, किचन, बेडरूम आणि किचनच्या मागे काचा लावून बंद केलेली गॅलरी. एवढ्याशा जागेत एक माणूस राहतो आणि मला माहीत नाही? असं कसं होईल, असं मी म्हणणार होते. पण माझ्या बाबतीत काय होऊ शकतं आणि काय नाही, हे ठरवायचा हक्क त्या घरात माझ्याकडे कधीच उरला नव्हता.

"बस चुकेल माझी," विपुल म्हणाला आणि दार ओढून गेला.

मी पुन्हा तवा ठेवला.

२

मला अर्धशिशी आहे. लग्नाच्या आधीपासून. डाव्या डोळ्यामागे ठणकायला लागतं, पण त्याआधी नजरेत एक भोक पडतं. काळं भोक नव्हे. तिथं काहीच नसतं. समोरच्या माणसाकडे बघावं तर कान दिसतात, केस दिसतात, मधला चेहरा नसतो. भोकाच्या कडेने दातेरी उजेड थरथरत राहतो. तो विझला की दुखणं सुरू.

दुखणं मी सोसते. लोकांना कळत नाही ते दुसरंच. आदल्या दिवसापासून डोक्यात कापूस कोंबल्यासारखं होतं. 'चाळणी' म्हणायचं असतं आणि तोंडातून "ती, ती भोकांची" एवढंच निघतं. वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात निसटून जाते. दुखणं थांबल्यावरही ते लगेच जात नाही. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये मी काम करायचे. एकदा नमुन्यांच्या बाटल्या माझ्याकडून उलट्या क्रमाने लागल्या. चूक मीच पकडली आणि मीच जाऊन सांगितली. निमेश सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, लक्ष कुठे असतं तुमचं?" दुसऱ्या दिवसापासून मला स्टोअरमध्ये खोक्यांवर लेबलं चिकटवायला बसवलं. रसायनशास्त्रात पदवी घेतलेली मी, डिंकाने बोटं चिकट करत बसायचे आणि दात आवळून घरी यायचे.

पालघरच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र सगळं शांतपणे ऐकून घेतलं होतं. "हे मनाचे खेळ नाहीत," त्या म्हणाल्या. "अर्धशिशीत लक्ष टिकत नाही, शब्द सापडत नाहीत, विचार हळू चालतो. हा आजाराचाच भाग आहे. घरी सांगा."

घरी सांगितलं. विपुल म्हणाला, "पेशंटला बरं वाटेल तेच डॉक्टर बोलणार." सासूबाई म्हणाल्या, "आमचं नाय कधी डोकं दुखलं. आमाला वेळच नव्हता."

तर अशा घरात नरहरीकाका आठवत नाहीत, हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते? मी ठरवलं, आठवतात असंच वागायचं. आठवतीलही हळूहळू. शब्द आठवतात तसेच.

३

आणि खरोखरच खुणा दिसू लागल्या. बाथरूमबाहेर रबरी चपला असायच्या, ओल्या. गॅलरीच्या दाराआडून खाकरल्याचा आवाज यायचा, मग खाट करकरल्यासारखा. सासूबाई काकांचं ताट गॅलरीबाहेरच्या स्टुलावर ठेवायच्या. थोड्या वेळाने ते चाटून पुसून रिकामं असायचं, माशाचे काटेसुद्धा नसायचे.

कधी मी कामावरून आले की ते हॉलमध्ये, टीव्हीसमोरच्या खुर्चीत बसलेले असायचे. मला पाठ दिसायची. पांढरा सदरा, मानेवर बारीक कापलेले केस. मी "काका, चहा टाकू?" असं विचारायचे. हात जरासा वर व्हायचा. हो की नको, ते कळायचं नाही. मी चहा टाकायचे.

किचनमध्ये गेले की मी त्यांना आठवून बघायचे. तोंड कसं आहे? मिशी आहे का? रंग? काही केल्या हाताला लागायचं नाही. मी पुन्हा हॉलच्या दारात जायचे, या वेळी नीट बघायचं ठरवून. तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची, किंवा फोन वाजायचा, किंवा मी तिथं कशाला आले होते तेच विसरायचे. खुर्ची रिकामी झालेली असायची.

मला चेहरे लक्षात राहत नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. पण मुरब्याला माझ्या माहेरच्या गल्लीत मासे वाळत घालणाऱ्या एकेका बाईचा चेहरा मला आजही डोळ्यांसमोर आणता येतो. मग फक्त हाच कसा येत नाही?

४

पुढचं दुखणं शनिवारी दुपारी आलं. मला सुट्टी होती, विपुल कामावर होता. मी बेडरूममध्ये डोळ्यांवर ओलं फडकं घेऊन पडले होते. हॉलमध्ये टीव्हीवर कुठलीतरी मालिका मोठ्याने चालली होती आणि किचनमधून सुकटीच्या फोडणीचा वास येत होता. एरवी मला सुकट आवडते. मी कोळ्यांची मुलगी. पण त्या वेळी तो वास कवटीत खिळा ठोकत होता.

"आई, टीव्ही जरा बारीक करा ना," मी ओरडले. ओरडल्याने अजून ठणकलं.

फोडणी चुरचुरत राहिली. मला इतका संताप आला की रडूच फुटलं, आणि रडण्याने डोकं आणखी फुटायला लागलं.

तेवढ्यात पडदा ओढल्याचा आवाज आला. पापण्यांवरचा लाल उजेड गेला. टीव्ही गप्प झाला. कुणीतरी माझ्या कपाळावर हात ठेवला. गार, जड, कोरडा हात. तो बरोबर डाव्या भुवईवर, जिथं खिळा होता तिथं येऊन थांबला.

"बोलू नकोस," हलक्या आवाजात शब्द आले. "मला दिसतंय किती दुखतंय ते."

इतक्या वर्षांत हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मी त्याच क्षणी झोपले असेन.

संध्याकाळी उठले. डोकं हलकं होतं. सासूबाई भाजी निवडत होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि म्हणाले, "आई, बरं वाटलं हो मघाशी. टीव्ही बंद केलात, पडदा लावलात."

त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं. "मी कशाला बंद करू टीव्ही? फोडणी टाकून मी तर दुपारभर बघत बसलेली. पूर्ण मालिका बघितली."

मी कपाळावर हात फिरवला, तर त्या जागी कातडी अजून गार होती.

५

मी विचार करू शकत नाही असं नाही. हळू करते, एवढंच. बाटल्यांचा क्रम जसा मागून पुढे तपासत गेले होते, तसं मी हेही तपासायचं ठरवलं.

"आई, काकांना चष्मा आहे ना?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं. आम्ही दोघी मेथी निवडत होतो.

"तुला एवढंपण ठाऊक नाय?"

"नाही, म्हणजे वाचायचा की नेहमीचा?"

"अगं, काय डोकं हाय का काय तुझं!" त्या एकदम भडकल्या. "माणूस घरात राहतो, रोज जेवतो, आणि ही विचारते चष्मा हाय का! एवढं शिकून काय उपयोग?"

त्या बोलत राहिल्या. पण चष्मा आहे की नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

रात्रीच्या जेवणाआधी विपुलला गाठलं. "काकांचं गाव कुठलं रे?"

"झालं सुरू," तो म्हणाला. "कितीदा सांगायचं?"

"अजून एकदा सांग. मी आजारी आहे ना? सांग."

त्याचं तोंड उघडलं. शब्द आला नाही. डोळे एका बाजूला सरकले, कपाळावर आठी आली, हाताची बोटं हवेत काहीतरी चाचपू लागली. आणि मग तो खेकसला. "मला काय तेवढंच काम आहे का? दिवसभर कंपनीत मरायचं आणि घरी येऊन तुझी परीक्षा द्यायची?"

तो चेहरा मला ओळखीचा होता. शब्द सापडत नसला की माणूस कसा दिसतो, हे मी आरशात किती वेळा पाहिलंय. डोळे तसेच सरकतात. बोटं तशीच चाचपतात. आणि कुणी बघतंय हे कळलं की तसाच राग येतो.

६

रविवारी दुपारी बोंबील तळले होते. सासूबाई काकांचं ताट घेऊन उठल्या, तेव्हा मी त्यांचा हात धरला.

"आधी मला सांगा. नरहरीकाका कोणाकडचे?"

"सोड. जेवण निवतंय."

"निवू दे. विपुल, तू सांग."

"आईच्या माहेरचे," विपुल म्हणाला. "उमरोळीचे. आता खुश?"

सासूबाईंच्या हातातलं ताट कललं. आमटी वाटीतून सांडली. "माझ्या माहेरचे? अरे, मला वाटलं हिच्याकडचे. मुरब्याचे."

"त्या सकाळच्या आधी मी त्यांना कधी पाहिलेलंच नव्हतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "तुम्ही सांगितलंत म्हणून मी मानलं. मला वाटलं मी विसरले."

"मी कामावरून आलो," विपुल हळूहळू बोलू लागला, "तर ते हॉलमध्ये बसलेले होते. आई चहा करत होती. मला वाटलं, आईचे कोणी असतील."

"मी आंघोळ करून बाहेर आली," सासूबाई म्हणाल्या, "तर खुर्चीत बसलेले. मला बोलले, अर्चनाचं डोकं दुखतंय, तिला झोपू दे. मी म्हटलं, हिचेच कोणीतरी. म्हणून मग चहा टाकला."

"नाव कोणी सांगितलं?" मी विचारलं.

सासूबाईंनी विपुलकडे बोट केलं, विपुलने त्यांच्याकडे.

"आणि मी विचारलं तेव्हा?" मी सासूबाईंचा हात सोडला. "त्या सकाळी मी सरळ विचारलं होतं. कुठले काका? तेव्हा का नाही बोललात?"

विपुलने मान खाली घातली. "तू विचारलंस तेव्हा मलाही आठवेना," तो म्हणाला. "पण तू नेहमीच विसरतेस. म्हणून वाटलं, तूच चुकत असशील."

"मलाही आठवेना." किती सहज म्हणाला. आणि म्हणून माझ्यावर ओरडला. म्हणून हसला. वर्षानुवर्षं त्या घरात ज्याला जे आठवत नव्हतं, ज्याचं जे हरवत होतं, ते सगळं माझ्या डोक्यावर टाकून दोघं निवांत जेवत होती. मला समोरचं ताट उचलून भिंतीवर मारावंसं वाटलं.

तेवढ्यात गॅलरीत रबरी चपला सरकल्या. दोन पावलं, आणि थांबल्या. दाराच्या अगदी पलीकडे.

आम्ही तिघंही दाराकडे बघत राहिलो. शेवटी विपुल उठला. त्याने कोपऱ्यातला झाडू घेतला, का ते त्याचं त्याला माहीत, आणि दार ढकललं.

भर दुपारचं ऊन आत पडलं होतं. वॉशिंग मशीन, बंद पडलेला कूलर, गणपतीच्या सजावटीची खोकी. ती एकावर एक छतापर्यंत लागलेली. खाट नव्हती. तिथं माणूस आडवा होणं सोडाच, नीट उभा राहील इतकीही जागा नव्हती. खिडकीला बाहेरून जाळी होती, तिला धक्काही लागलेला नव्हता.

फक्त काचेवर आतून वाफ धरली होती. माणसाच्या तोंडाच्या उंचीवर. आम्ही बघत असताना ती हळूहळू विरली.

७

सासूबाईंनी गॅलरीला कडी घातली आणि तीच तीन ताटं पुन्हा सुरू झाली. चपला दिसल्या नाहीत. खाकरणं ऐकू आलं नाही.

मला वेड्यासारखं वाटलं होतं की आता काहीतरी बदलेल. मन आपल्यालाच कसं फसवतं, हे या दोघांनी एकदा तरी भोगलंय. आता मला शब्द सापडला नाही, तर घटकाभर थांबतील. वेड्यासारखंच वाटलं होतं. विपुलने तो विषयच बंद केला. आणि एक दिवस मी भांडी घासत असताना सासूबाईंना शेजारणीला दारात सांगताना ऐकलं, "ते हिच्या डोकेदुखीच्या मागून आलं घरात. हिचं डोकं ठिकाणावर नाय, म्हणून आमचीपण डोकी फिरली."

भांडं माझ्या हातात होतं. मी ते घासत राहिले. त्याचं कल्हई गेलेलं बूड चकाकेपर्यंत घासत राहिले.

मग पुन्हा एकदा दुखणं आलं. सुट्टीचा दिवस, दुपारची वेळ. टीव्हीवर क्रिकेट. विपुल आणि सासूबाई दोघंही हॉलमध्ये. प्रत्येक चौकाराला विपुल टाळ्या पिटत होता आणि टाळीगणिक माझ्या डोळ्यामागे काहीतरी तुटत होतं. मी भिंतीला धरून हॉलच्या दारापर्यंत आले. नजरेतलं भोक पडलेलं होतं, दातेरी उजेड फिरत होता. खुर्चीत बसलेल्या माझ्या नवऱ्याला चेहरा नव्हता.

"विपुल, आवाज कमी कर. हात जोडते."

"सुरू झालं नाटक," तो म्हणाला. टीव्हीवरून नजर न हलवता.

"तिला काय, मॅच असली की दुखतंच," सासूबाई म्हणाल्या.

मी भांडले नाही. भांडायला शब्द लागतात. मी मागे फिरले, किचनमध्ये गेले आणि गॅलरीच्या दाराची कडी काढली.

दार आपोआप थोडं उघडलं. मी आत पाहिलं. जिकडे बघेन तिकडे ते भोक जायचं, आणि ज्यावर जाईल ते नाहीसं व्हायचं. मशीनवर गेलं, मशीन नाहीसं झालं. खोक्यांवर गेलं, खोकी नाहीशी झाली. आणि त्या भोकात, जिथं कधीच काही दिसत नाही, तिथं मला एक चेहरा दिसला.

तो कसा होता, हे मला सांगता येणार नाही. चष्मा होता की नाही, तेही नाही. एवढंच सांगते, की बाकी सगळं थरथरत होतं आणि तो स्थिर होता. तो माझ्याकडे प्रेमाने बघत होता. मला घरात कुणी तसं बघत नाही, म्हणून ते इतकं भयानक वाटलं की काय, कुणास ठाऊक.

"फार दुखतंय ना?" त्याने विचारलं. "गप्प करू त्यांना?"

डोकं जागेवर नव्हतं, काय बोलले ते कळलं नाही, असं मला म्हणता आलं असतं. सगळ्यांनी मानलंही असतं. पण मला पूर्ण कळत होतं.

"करा," मी म्हणाले.

मी बेडरूममध्ये येऊन पडले. रबरी चपला किचनमधून हॉलकडे गेल्या. टीव्ही बंद झाला. इमारतीत इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. डोळ्यामागचा खिळा कुणीतरी अलगद उपटून काढावा तसं दुखणं निघून गेलं.

"अरे, ते लाव ना परत," हॉलमधून सासूबाईंचा आवाज आला. "ते… ते काय ते. चित्रांचं."

"थांब, ते दे," विपुल म्हणाला. "ते… हातातलं. दाबायचं असतं ते."

"काय?"

"ते ग! ते…" तो चिडला. मग चिडणं थांबलं. नंतर सासूबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या डोक्यात काहीतरी होतंय रे… अरे… ए…" समोर पोटचा मुलगा बसला होता आणि त्याला काय म्हणायचं, ते त्यांना सापडत नव्हतं.

खुर्ची करकरली. कुणीतरी आरामात बसलं होतं.

"ए," विपुलने हाक मारली. आतल्या खोलीच्या दिशेने, माझ्या दिशेने. "ए… अगं… बाहेर ये ना. ए…" तो घाबरला होता. माझं नाव त्याच्या जिभेवर येईना. 'अ' म्हणायचा आणि अडकायचा, पुन्हा 'अ' म्हणायचा. त्याचे डोळे कसे एका बाजूला सरकत असतील, बोटं कशी हवेत चाचपत असतील, ते मला भिंतीपलीकडूनही दिसत होतं. एक शब्द हवा होता त्याला. मी तो इथून ओरडून सांगू शकले असते.

मी पडदा आणखी ओढून घेतला आणि कूस बदलली.